कालवाचं दार कोण उघडतं?

एक मिटलेलं कालव घ्या. ताजं, जिवंत, दोन्ही शिंपले आवळून बसलेलं. आता ते नुसत्या बोटांनी उघडून दाखवा बरं! नखं मोडतील, बोटं लाल होतील, पण शिंपले केसभरही हलायचे नाहीत. घरातल्या सगळ्यात दणकट माणसाला बोलवा, तोही हात टेकेल. मग तेच कालव ट्रेमध्ये ठेवून तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवा आणि बाहेरून काचेतून बघत बसा. पहिली काही मिनिटं काहीच होत नाही. मग फटीतून पाण्याचा एखादा बुडबुडा फुटतो, थोडी वाफ निघते आणि वरचा शिंपला हळूच उचलला जातो. कुणी सुरी लावली नाही, कुणी हात लावला नाही. मग हे दार उघडलं कोणी?

‘वाफेनं ढकललं असणार,’ असं तुमच्यातले निम्मे तरी म्हणतील. पण बर्फावर ठेवलेलं कालव मेलं, तर तेही आ वासतं. तिथे कुठली आलीय वाफ? उरलेले म्हणतील, ‘मेलं म्हणून उघडलं.’ हे खरं आहे, पण त्यानं कोडं सुटत नाही, उलट वाढतं. जिवंतपणी जे दार कुणाला बधलं नाही, ते मेल्यावर कसं उघडलं? मेलेला प्राणी जोर कुठून लावणार?

हे कोडं आपण स्वयंपाकघरातच सोडवू. संध्याकाळी पाहुणे येणार आहेत असं समजा. जेवणाआधी त्यांच्यापुढे काहीतरी गरमागरम, खमंग ठेवायचं आहे. आपण ठेवू लसूण-लोणी घालून भाजलेली कालवं, त्यांच्याच शिंपल्यात वाढलेली. पदार्थ सोपा आहे, आणि तो करताना पावलोपावली ‘असं का?’ विचारायला जागा आहे.

आधी ओळख. रत्नागिरी-मालवणकडच्या मुलांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. ओहोटीला पाणी मागे सरलं की किनाऱ्यावरच्या खडकांना चिकटलेले राखाडी, खरखरीत, वेडेवाकडे शिंपले दिसतात. तीच कालवं. त्यांच्यावर अनवाणी पाय पडला तर तळवा कापलाच म्हणून समजा. बायका कोयती घेऊन खडकांवर बसतात, वरचा शिंपला टोचून उडवतात आणि आतला मऊ गर डब्यात गोळा करतात. म्हणून आपल्याकडे बाजारात कालवं बहुतेक वेळा सोललेलीच मिळतात. मग त्यांचं खोबरं आणि कोकम घालून कालवण होतं, नाहीतर सुकं. तिसऱ्या किंवा खुबे म्हणजे कालवं नव्हेत. ते वाळूत, चिखलात राहतात आणि थोडेफार सरकतातही. कालव मात्र एकदा चिकटलं की जन्मभर तिथेच.

मिटलेलं कालव हातात घेऊन नीट बघा. दोन शिंपले सारखे नाहीत, हे लक्षात येईल. एक खोलगट आहे, एक चपटा. खोलगट तो डावा, चपटा तो उजवा. कालव खडकाला चिकटतं ते डाव्या शिंपल्यानं, आणि त्याचं मऊ अंग वसतं तेही डाव्याच शिंपल्यात. भाजायला ठेवताना हाच खाली हवा. उलटं ठेवलंत तर आतलं खारं पाणी सांडून जाईल, आणि निम्मी चव त्या पाण्यात आहे.

आत काय असतं? डोकं नसतं. मेंदूही नसतो, त्याच्या जागी मज्जापेशींचे लहान लहान पुंजके असतात. हृदय असतं, तीन कप्प्यांचं. रक्त असतं, पण त्याला रंग नाही. कल्ले असतात. आणि या सगळ्याच्या जवळ एका शिंपल्यापासून दुसऱ्यापर्यंत गेलेला एक जाड स्नायू असतो. आपल्या कोड्यातलं पहिलं पात्र हा स्नायू. दुसरं पात्र शिंपल्यांच्या टोकाशी लपलेलं आहे. तिथे बिजागरी असते आणि तिच्यात एक लवचिक पट्टा.

आता दोरीवरचा कपड्यांचा चिमटा आणा. त्याची स्प्रिंग चिमट्याचं तोंड बंद ठेवते आणि ते उघडायला आपल्याला जोर लावावा लागतो. कालवाची रचना याच्या बरोबर उलट! बिजागरीतला पट्टा शिंपले मिटले की दाबला जातो आणि सतत पुन्हा फुगू बघतो, म्हणजेच शिंपले उघडू बघतो. त्यांना मिटवून ठेवायचं काम स्नायूचं. उघडायला शक्ती लागत नाही, बंद ठेवायला लागते.

बघा, सुटलं की कोडं! ओव्हनच्या उष्णतेनं स्नायूतली प्रथिनं बिघडतात, स्नायूची पकड जाते, आणि इतका वेळ दाबून ठेवलेला पट्टा वरचा शिंपला उचलतो. बर्फावर मेलेल्या कालवाचंही तेच होतं, फक्त तिथे स्नायू उष्णतेनं नाही, मरणानं सैल पडतो. दार कुणी उघडलंच नाही. जो ते ओढून धरत होता त्यानं सोडलं, एवढंच.

या स्नायूबद्दल आणखी थोडं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण तो एक नाही, एकाला एक लागून असलेले दोन आहेत. शिजवण्यापूर्वी बघितलं तर एक भाग किंचित पारदर्शक दिसतो आणि दुसरा पांढराशुभ्र. पारदर्शक भाग चपळ असतो. एखादा खेकडा जवळ आला की तो शिंपले झटकन मिटतो, पण लवकर दमतो. मग पांढरा भाग काम हाती घेतो. तो सावकाश आवळतो आणि एकदा आवळला की त्याच अवस्थेत अडकून राहतो. आपल्या दंडाला एखादी वस्तू धरून ठेवायला सतत शक्ती खर्चावी लागते. या पांढऱ्या स्नायूला मात्र ती फार थोडी लागते, त्यामुळे तो तासन् तास, थंडाव्यात तर कित्येक दिवससुद्धा शिंपले मिटून ठेवू शकतो.

हे त्याला का जमायला हवं, ते ओहोटी आठवलीत की कळेल. पाणी निघून गेलं, डोक्यावर ऊन आहे, आणि पळून जायची सोय नाही. अशा वेळी कालव थोडं समुद्राचं पाणी आत कोंडून घेतं आणि भरतीची वाट बघतं. पण बंद शिंपल्यात प्राणवायू संपत जातो. प्राणवायूशिवाय शरीर चालवलं की आम्ल साठायला लागतं. त्यावर कालवाकडे उपाय आहे, तो म्हणजे स्वतःचा शिंपला! शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्यातला अगदी थोडा भाग आतून विरघळतो आणि आम्लाचा जोर कमी करतो. तुम्हालाही हे करून बघता येईल. शिंपल्याचा एक तुकडा काचेच्या पेल्यात टाका आणि त्यावर व्हिनेगर ओता. तुकड्यावर बारीक बुडबुडे धरतील. तो कार्बन डायऑक्साइड वायू. शिंपला नसेल तर अंड्याचं टरफल घ्या. तेही कॅल्शियम कार्बोनेटचंच असतं.

आता जरा अमेरिकेला जाऊ. शिंपल्यातच भाजलेल्या कालवांचा सगळ्यात गाजलेला पदार्थ तिथल्या न्यू ऑर्लिन्स शहरातला. मिसिसिपी नदी मेक्सिकोच्या आखाताला मिळते, त्या मुखाजवळचं हे शहर. खाऱ्या-गोड्या पाण्याची मिसळण तिथे जागोजागी, त्यामुळे कालवं भरपूर. या शहरात १८४० साली आंत्वान आल्सियातोर नावाच्या फ्रान्सहून आलेल्या माणसानं खाणावळ काढली. तिचं नाव आंत्वान्स, आणि ती आजही चालू आहे. पुढे त्याचा मुलगा ज्यूल्स तिथला मुख्य आचारी झाला. तिथे गोगलगाई खायला येणारे शौकीन होते. (नाक मुरडू नका, फ्रेंच लोक त्या लसूण-लोण्यात भाजून आवडीनं खातात.) पण युरोपातून येणाऱ्या गोगलगाई मिळेनाशा झाल्या. ज्यूल्सनं आजूबाजूला बघितलं आणि त्यांच्या जागी गावची कालवं घेतली.

मला ही निवड फार हुशारीची वाटते. दिसायला गोगलगाय कुठे आणि कालव कुठे, पण दोघंही मृदुकाय प्राणी आहेत, म्हणजे एकाच मोठ्या कुळातले. दोघांचंही अंग मऊ, दोघांनाही कठीण कवच, आणि दोघंही त्या कवचातच भाजता येतात. ज्यूल्सनं १८९९ साली कालवांवर लोणी आणि हिरव्या पाल्यांचा दाट लेप घालून ती भाजली. लेप इतका श्रीमंती होता की पदार्थाला त्या वेळच्या सगळ्यात धनाढ्य अमेरिकन माणसाचं, जॉन रॉकफेलरचं नाव मिळालं. ऑयस्टर्स रॉकफेलर! त्याची मूळ कृती आंत्वान्सनं आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही. बाकीचे आचारी त्यात सर्रास पालक घालतात. आंत्वान्सवाले म्हणतात, आमच्यात पालक नाहीच. सव्वाशे वर्षं लोक हिरवा रंग कशाचा याचा अंदाज बांधताहेत.

आपल्याला गुपितं राखायची नाहीत, तेव्हा आपली कृती सरळ सांगतो. सहा पाहुण्यांना प्रत्येकी दोन अशी बारा कालवं पुरतात. त्यावर घालायला साधारण पन्नास ग्रॅम बिनमिठाचं लोणी, चार पाकळ्या बारीक चिरलेला लसूण, एक वाटी ब्रेडचा कोरडा चुरा, मूठभर चिरलेली कोथिंबीर आणि मिरपूड. वाढताना लिंबाच्या फोडी. मीठ अजिबात नाही. कालवातलं पाणी समुद्राचं आहे, ते पुरेसं खारट असतं.

कामाची वाटणी आधीच करून घ्या. ओव्हन आणि सुरी मोठ्या माणसांकडे, यावर वाद नको. धुणं, तपासणं, कालवणं, रचणं तुमच्याकडे.

कालवं वाहत्या पाण्याखाली ब्रशनं खसखसून घासा, पण गोड्या पाण्यात भिजत टाकू नका. खाऱ्या पाण्याच्या प्राण्याला ते सोसत नाही. मग तपासणी. एखादं कालव किंचित उघडं असेल तर त्याच्यावर टकटक करा. मिटलं तर जिवंत आहे, म्हणजे चपळ स्नायूनं काम केलं. नाही मिटलं तर ते टाकून द्या. मेलेलं कालव किती वेळापूर्वी मेलंय हे आपल्याला कळत नाही आणि ते फार लवकर नासतं.

ट्रेमध्ये जाड्या मिठाचा बोटभर थर पसरा. हो, तेच खडेमीठ. शिंपल्याचा तळ ओबडधोबड असतो, सपाट ट्रेवर तो डुगडुगतो आणि कलंडतो. मिठात दाबून बसवला की हलत नाही. पण मीठच का, साखर का नाही? कारण साखर ओव्हनमध्ये वितळून काळी पडेल. मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि घरचा ओव्हन जेमतेम २५० पर्यंत जातो. शिवाय तापलेलं मीठ लवकर गार होत नाही, त्यामुळे ट्रे तसाच टेबलावर नेला तर शेवटच्या पाहुण्यालाही गरम कालव मिळतं. शिंपल्याचीही काळजी नको. कॅल्शियम कार्बोनेटचा चुना व्हायला ८०० अंशांहून जास्त उष्णता लागते, म्हणून चुन्याच्या भट्ट्या इतक्या रसरशीत पेटवाव्या लागतात. मात्र शिंपल्याच्या थरांमध्ये कधीकधी पाणी अडकलेलं असतं. ते तापून शिंपल्याचा टवका फटकन उडू शकतो. म्हणून ओव्हनचं दार उघडताना तोंड लांब ठेवा.

ओव्हन २३० अंशांना तापवून घ्या आणि कालवं खोलगट बाजू खाली करून मिठात बसवून आत ठेवा. बघा मग आपलं कोडं तुमच्या डोळ्यांसमोर घडताना! उघडलेली बाहेर काढून जरा निवू द्या. जी उघडतच नाहीत ती सरळ टाका. मोठ्या माणसानं सुरीनं स्नायू कापून चपटा शिंपला काढून टाकायचा, म्हणजे खोलगट शिंपल्यात कालव आणि त्याचं पाणी उरतं. बाजारातून सोललेली कालवं आणली असतील तर एवढी सगळी खटपट वाचते. ती लहान, ओव्हनमध्ये चालणाऱ्या वाट्यांमध्ये घाला. मजा थोडी कमी, चव तीच.

लोण्यात लसूण, चुरा, कोथिंबीर, मिरपूड कालवून घ्या. प्रत्येक कालवावर हे मिश्रण चमचाभर पसरा आणि ट्रे पुन्हा आत सरकवा, १० मिनिटं. सोललेल्या कालवांसाठी अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन हाच सल्ला देतं, सुमारे २३० अंशांना १० मिनिटं. त्यापेक्षा घाई करायची नाही.

या दहा मिनिटांत त्या तीन बोटांच्या शिंपल्यात जे चालतं, ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात नवलाचं वाटतं. ओव्हनमध्ये हवा २३० अंश. पण कालव ओलं आहे, पाण्यात बसलेलं आहे. आणि पाणी जोवर आहे तोवर ते साधारण १०० अंशांच्या वर तापत नाही. जास्तीची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. म्हणजे खालच्या मजल्यावर जास्तीत जास्त शंभर. वरचा चुरा मात्र कोरडा. लोण्यात सुमारे सहावा हिस्सा पाणी असतं, ते आधी चुरचुरत उडून जातं. मग चुरा शंभराच्या पुढे तापतो. साधारण १४० अंशांच्या पुढे त्यातली प्रथिनं आणि साखरा एकमेकांशी झपाट्यानं जुळायला लागतात आणि शेकडो नवे पदार्थ तयार होतात. काहींना तपकिरी रंग असतो, काहींना खमंग वास. या क्रियेला मेयार क्रिया म्हणतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मेयार यानं १९१२ साली तिचं वर्णन केलं. भाकरीचा पापुद्रा, टोस्ट, भाजलेले दाणे या सगळ्यांचा खमंगपणा तिचाच.

तर एकाच शिंपल्यात, बोटभर अंतरात, खाली उकडणं चाललंय आणि वर भाजणं. चुरा नसता तर? वरून येणारी कडक उष्णता थेट कालवाला लागली असती. पाणी आटलं असतं, प्रथिनं आवळून आवळून त्यांच्यातला रस पिळून निघाला असता आणि पाहुण्यांना चावत बसावं लागलं असतं. चुऱ्याच्या कणांमध्ये हवा असते. हवेतून उष्णता हळू जाते, म्हणून चुरा स्वतः भाजतो आणि खालच्या कालवाला वाचवतो. शिजत आल्याची खूणही सोपी आहे. कालवाच्या कडा झालरदार होऊन आत वळायला लागतात.

तुमच्या घरी मासे-कालवं होत नसतील तर हा प्रयोग टोमॅटोवर करा. टोमॅटो अर्धा कापून बिया काढा, आत थोडं पनीर भरा, वर हाच चुरा. खाली रसदार, वर कुरकुरीत. विज्ञान तेच आणि खमंगपणाही तोच.

ओव्हन उघडलात की लसणाच्या वासामागून आणखी एक वास येईल. किनाऱ्यावर गेल्यागेल्या येतो तो, समुद्राचा. त्यात डायमिथाइल सल्फाइड नावाच्या वायूचा मोठा वाटा आहे. समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांमध्ये त्याचा कच्चा माल असतो. कालव शैवाल खातं, तो माल त्याच्या अंगात उतरतो आणि तापवल्यावर त्यातून हा वायू सुटतो.

आणि चव? कालव गोडसर, भरीव लागतं ते कशानं? इथे पुन्हा खारं पाणी येतं. समुद्राचं पाणी खारट असल्यामुळे ते प्राण्याच्या पेशींमधलं पाणी बाहेर ओढू बघतं. मासे मूत्रपिंडं आणि कल्ल्यांच्या मदतीनं हा हिशोब सांभाळतात. कालव दुसरीच युक्ती करतं. पेशींमध्ये अमिनो आम्लं भरून ठेवतं, म्हणजे आत-बाहेर दोन्हीकडे सारखाच दाटपणा राहतो आणि पाणी कुठेच ओढलं जात नाही. आता गंमत अशी, की यातली काही अमिनो आम्लं आपल्या जिभेला गोड लागतात आणि काही मटणाच्या रश्श्यासारखी रसरशीत. कालव स्वतःला वाळण्यापासून वाचवत असतं आणि आपण म्हणतो, वा, काय चव आहे! पाणी जितकं खारट तितकी ही भरती जास्त. म्हणून एकाच जातीची कालवं दोन खाड्यांमधली असली तर चवीला वेगळी लागतात.

युरोप-अमेरिकेत एक जुना नियम आहे. महिन्याच्या नावात ‘र’ असेल तरच कालवं खावीत. आपल्या लिपीत लिहून बघा, नियम जसाच्या तसा लागू पडतो! जानेवारी, फेब्रुवारीत र आहे. मार्चमध्ये तो डोक्यावर बसलाय, एप्रिलमध्ये प च्या पायाशी. मे, जून, जुलै, ऑगस्ट कोरे. सप्टेंबरपासून पुन्हा र. तिकडे हे चार कोरे महिने उन्हाळ्याचे. तेव्हा कालवं अंडी घालतात आणि अंगात साठवलेलं पिठूळ अन्न, म्हणजे ग्लायकोजेन, त्यातच खर्च करून टाकतात. मग ती बारीक आणि बेचव होतात. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. कोमट पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू वाढतात, आणि ते कच्च्या कालवातून पोटात गेले तर माणूस गंभीर आजारी पडू शकतो. मे महिन्याचा मान राखून ऑक्टोबरमध्ये बेफिकीर व्हायचं, असं मात्र करू नका. आपल्याकडचं समुद्राचं पाणी बारा महिने कोमटच असतं. कोकणात कालवं शिजवूनच खातात, ते शहाणपणाचं आहे.

जिवाणू कालवात येतात कुठून, हेही सांगतो. कालव अन्नाच्या मागे जात नाही, पाणीच आपल्या अंगावरून ओढून घेतं. कल्ल्यांवर असंख्य सूक्ष्म केस असतात, ते सतत हलून पाणी आत खेचतात. पाण्यातले शैवालाचे कण कल्ल्यांवर अडकतात. खाण्याजोगे कण तोंडाकडे जातात, नको ते चिकट, बुळबुळीत स्रावात गुंडाळून बाहेर टाकले जातात. चांगलं मोठं कालव अनुकूल पाण्यात दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं! कालवांमुळे खाडीचं पाणी निवळतं, ते असं. पण पाण्यात नाल्याची घाण असली तर तीही कालवाच्या अंगात साठते. शिजवून जंतू मरतात, पाण्यातले जड धातू आणि काही शैवालांची विषं मात्र शिजवूनही जात नाहीत. म्हणून नाल्याच्या मुखाजवळची कालवं कितीही टपोरी असोत, आणायची नाहीत. आणि कुणा पाहुण्याला शिंपल्यांची ॲलर्जी आहे का, हे ट्रे पुढे करण्याआधी विचारा.

मोत्याचं काय, असं कुणीतरी नक्की विचारणार. मिळणार नाही. चमकदार मोती देणारे शिंपले वेगळ्या कुळातले. असे शिंपले आपल्या तुतिकोरिनच्या समुद्रात असतात, आणि तिथेच १९७३ साली केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनं भारतातला पहिला संवर्धित समुद्री मोती तयार केला. खायच्या कालवात क्वचित एखादा खडा सापडतो, पण तो मळकट, बिनचमकीचा.

पाहुण्यांनी ताव मारला, बोटं चाटली, आणि ट्रेमध्ये बारा रिकामे शिंपले उरले. त्यांचं काय करायचं? धुऊन पुन्हा त्यात पदार्थ वाढायचा मोह होईल, तो आवरा. शिंपला सच्छिद्र असतो, नीट स्वच्छ होत नाही. पूर्वी कोकण-गोव्यात शिंपले भाजून चुना करत आणि त्यानं भिंती बांधत. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी चपटे अर्धपारदर्शक शिंपले अजून दिसतात, ते वेगळ्या जातीचे.

पण रिकाम्या शिंपल्याची खरी गरज कुणाला असते ठाऊक आहे? कालवाच्या पिल्लाला. मोठी मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी पाण्यात सोडते. त्यातून निघालेली पिल्लं डोळ्यांना दिसणारही नाहीत इतकी लहान असतात आणि दोन-तीन आठवडे पाण्यात पोहत भटकतात. भटकंती संपत आली की त्यांना एक पाय फुटतो आणि उजेड ओळखणारे दोन ठिपके येतात. त्या पायानं चाचपत ती घर शोधतात. कठीण जागा हवी, चिखल नको, आणि सगळ्यात आवडती जागा म्हणजे जुन्या कालवाचा शिंपला. जागा पसंत पडली की डावा शिंपला तिथे कायमचा चिकटवून टाकतात. पुढे पायही जातो आणि ठिपकेही जातात, कारण आता कुठे जायचंच नाही. माणसं वर्षानुवर्षं कालवं शिंपल्यांसकट उचलून नेत राहिली तर पिल्लांना टेकायला जागा उरत नाही.

हे लक्षात आल्यावर अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २०१४ सालापासून न्यू ऑर्लिन्सच्या हॉटेलांमधले रिकामे शिंपले गोळा केले जाऊ लागले. ते काही महिने उघड्यावर उन्हात वाळवतात आणि मग किनाऱ्याजवळ समुद्रात रचून ठेवतात, म्हणजे नवी पिल्लं त्यांच्यावर बसतात. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ‘बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट’ सुरू झाला. तिथल्या बंदरात एकेकाळी कालवांची मोठमोठी बेटं होती. सांडपाण्यानं आणि हावरेपणानं ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपली. आता गव्हर्नर्स आयलंडवरच्या हार्बर स्कूलमधली मुलं शाळेचा अभ्यास म्हणून पाण्यात बुड्या मारतात, होड्या चालवतात आणि हॉटेलांतून आलेल्या शिंपल्यांवर कालवांची पिल्लं वाढवून बंदरात सोडतात. २०३५ सालापर्यंत १०० कोटी कालवं हे त्यांचं लक्ष्य आहे. ती कालवं पाणी गाळण्यासाठी आहेत. खायला मात्र सक्त मनाई, कारण बंदराचं पाणी अजून तेवढं स्वच्छ झालेलं नाही.